रुगर १०/२२ ला कोणता स्कोप लावावा आणि रायफल नीट कशी बसवावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत आलेल्या मराठी घरात नेमबाजीची आवड शिरली की पहिली रायफल बहुतेक वेळा रुगर १०/२२ असते, म्हणजे गोळी सुटली की पुढची आपोआप भरणारी .२२ ची सेमी-ऑटोमॅटिक रायफल. मी ओहायोत राहतो आणि शनिवारी सकाळी क्लबच्या पन्नास यार्डांच्या रेंजवर असतो. तिथे नव्याने येणारे आपले लोक आणि त्यांच्या ओळखीने फोन करणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

मी एच-वन-बी व्हिसावर आहे. रायफल घेता येईल का?

स्कोपची चर्चा याच्यानंतर. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगता येत नाहीत. एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन हे सगळे त्यात आले. नेहमीच्या माणसाच्या उपयोगाचा अपवाद एकच, राज्य सरकारने दिलेलं वैध शिकारीचं लायसन्स. रेंजवर भाड्याने घेतलेली रायफल हातात धरणं हासुद्धा ताबाच समजला जातो, म्हणून "एकदा फक्त चालवून बघतो" ही पळवाट नाही. ग्रीन कार्ड असलेल्याला ही बंदी लागू नाही, पण राज्याचे नियम वेगळे असतात. न्यू जर्सीत आधी बंदुकीसाठीचं ओळखपत्र काढावं लागतं, कॅलिफोर्नियाचे वयाचे नियम कडक आहेत.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आले की कौतुकाने त्यांच्या हातात रायफल देऊन फोटो काढू नका. तो फोटो त्यांच्या पुढच्या व्हिसाच्या आड येऊ शकतो. जराही शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, दुकानदाराला नको.

सगळे १०/२२ च का सांगतात?

ही रायफल १९६४ साली बाजारात आली. बिल रुगर आणि हॅरी सेफ्रीड यांनी ती आखली. दहा गोळ्यांची मॅगझिन आत चक्रासारखी फिरते आणि दस्त्याच्या पोटात सपाट बसते, खाली लोंबत नाही. चापाचा अख्खा संच दोन पिना ढकलल्या की बाहेर येतो. नळी रिसीव्हरला, म्हणजे रायफलीच्या मधल्या धातूच्या सांगाड्याला, दोन स्क्रू आणि एका लोखंडी ठोकळ्याने धरलेली असते. म्हणजे घरच्या टेबलावर, दोन-तीन साध्या अवजारांनी जवळपास सगळं उघडता येतं, आणि साठ वर्षांत अनेक कंपन्यांनी तिचे सुटे भाग बनवले आहेत. शिवाय .२२ लाँग रायफल हे काडतूस स्वस्त, धक्का नगण्य आणि आवाजही मोठ्या रायफलीपेक्षा बराच कमी. तरी कानाला मफ आणि डोळ्याला चष्मा हवाच.

माझ्याकडे पाचशे डॉलर आहेत. स्कोप आधी, चाप आधी की नळी आधी?

आधी पाच-सहा प्रकारची काडतुसं, प्रत्येकी एक पेटी. मग चांगला माउंट, म्हणजे स्कोप रायफलीवर धरून ठेवणारा बेस आणि रिंग, आणि इंच-पाउंडात मोजणारा छोटा टॉर्क पाना. त्यानंतर स्कोप, मग चाप. नळीचा विचार वर्षभराने करा, बहुतेकांना तो करावाच लागत नाही.

लोक हे उलट करतात. भारी नळी आणि चकचकीत दस्ता घेतात आणि वर पाचशे गोळ्यांची सर्वांत स्वस्त डबी चालवतात. मग ग्रुप, म्हणजे एकाच नेमाने चालवलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पसारा, दोन इंचांचा येतो आणि दोष स्कोपला दिला जातो. मी सांगतो त्या क्रमाला कारण आहे: प्रत्येक पायरीवर कागदावर फरक दिसतो, आणि फरक कशामुळे पडला हे कळतं. एका वेळी एकच गोष्ट बदला. स्कोप आणि काडतूस एकाच दिवशी बदललंत तर सुधारणा कुणामुळे झाली ते कधीच समजणार नाही.

काडतुसाने एवढा फरक का पडतो?

कारण .२२ चं काडतूस घरी भरता येत नाही. कारखान्यात भरलेलं जसं येतं तसंच वापरायचं. तळाच्या कडेच्या आत ठिणगी देणारा मसाला पसरलेला असतो, फायरिंग पिन त्या कडेवर बसते. म्हणूनच नाव रिमफायर. मसाला कडेत सगळीकडे सारखा पसरला नाही, किंवा कडेची जाडी कमी-जास्त झाली, की गोळीचा वेग बदलतो आणि कागदावर भोकं उभ्या रेषेत पांगतात.

दुसरं म्हणजे आवाजाचा वेग. समुद्रसपाटीला, साध्या हवेत तो सेकंदाला साधारण ११२५ फूट असतो. हाय व्हेलॉसिटी काडतूस, उदाहरणार्थ सीसीआयचं मिनी-मॅग, १२३५ फुटांच्या वेगाने निघतं आणि वाटेत आवाजाच्या वेगाखाली येतं. तो टप्पा ओलांडताना गोळी थोडी डळमळते. सीसीआय स्टँडर्ड व्हेलॉसिटीचा वेग पेटीवर १०७० लिहिलेला असतो, म्हणजे ती गोळी सुरुवातीपासूनच आवाजाच्या मागे असते. पन्नास यार्डांवर आणि पुढे माझ्या दोन्ही रायफली याच जातीच्या काडतुसांना जास्त मानतात. तुमची वेगळं मानू शकते. एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी बनलेल्या दोन रायफलींची आवड वेगळी निघालेली मी पाहिली आहे.

सेमी-ऑटोमॅटिकमध्ये आणखी एक अट येते: गोळीच्या धक्क्याने बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा सरकता भाग, पूर्ण मागे गेला पाहिजे. फार मंद काडतूस अचूक असलं तरी बोल्ट अर्ध्यात अडकतो. ईली किंवा एसकेची महागडी मॅच काडतुसं बोल्ट-ॲक्शनसाठी, म्हणजे हाताने बोल्ट ओढायच्या रायफलीसाठी, उत्तम, पण १०/२२ मध्ये ती सुरळीत चालतात का हे आधी एका पेटीवर बघा.

चाचणीची पद्धत अशी. वाळूच्या पिशवीवर रायफल ठेवा. काडतूस बदललं की पहिल्या दहा-वीस गोळ्या मोजू नका, कारण आधीच्या काडतुसाच्या गोळीवरचं मेण नळीत असतं आणि नव्याचं बसायला वेळ लागतो. मग पाच गोळ्यांचे पाच ग्रुप घ्या. तीन गोळ्यांचा एखादा सुंदर ग्रुप फोनमध्ये जपून ठेवायला ठीक, निर्णय घ्यायला नाही. जी पेटी जमली तिच्यावरचा लॉट नंबर लिहून घ्या आणि त्याच लॉटची आणखी घ्या.

दुकानात "रिमफायर स्कोप" वेगळा का ठेवतात? मोठ्या रायफलीचा स्कोप चालणार नाही का?

चालतो, पण पॅरालॅक्स समजून घेतल्याशिवाय नको. माझ्या मते .२२ चा स्कोप निवडताना हाच सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि विकत घेताना तो कुणी विचारत नाही. सगळे विचारतात, किती पट दिसतं.

घरी करून बघा. रिकामी रायफल, मॅगझिन काढलेली, काडतूस बसतं तो चेंबर बघितलेला, पिशव्यांवर स्थिर ठेवा आणि स्कोपमधून पंचवीस यार्डांवरच्या एखाद्या खुणेकडे बघा. रायफलीला हात न लावता फक्त डोकं हळू वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. क्रॉसहेअर, म्हणजे स्कोपमधल्या फुलीच्या रेषा, खुणेवरून सरकताना दिसले तर तो पॅरालॅक्स. रायफल हललेली नाही, तुमचा डोळा हलला, आणि तरी नेम बदलल्यासारखा वाटला.

प्रत्येक साधा स्कोप एका ठरावीक अंतराला जुळवलेला असतो. मोठ्या रायफलींचे १०० किंवा १५० यार्डांना, रिमफायरचे ५० ते ६० यार्डांना. आता हिशोब करू. ४० मिमी भिंगाचा, १०० यार्डांना जुळवलेला स्कोप २५ यार्डांवर वापरला तर डोळा पार कडेला असताना चूक १५ मिमीपर्यंत जाऊ शकते. भिंगाचा निम्मा व्यास, गुणिले अंतरातला फरक, भागिले जुळवलेलं अंतर: २० गुणिले ७५ भागिले १००. पंचवीस यार्डांवर जिथे आपण पाव इंचाच्या, म्हणजे सहा मिलिमीटरच्या, वर्तुळासाठी धडपडतो, तिथे पंधरा मिलिमीटर फक्त डोळ्याच्या जागेने जातात. पन्नास यार्डांना जुळवलेल्या स्कोपला तोच हिशोब लावला तर पंचवीसवर चूक १० मिमी, आणि पन्नासवर शून्य.

यावर दोन उपाय आहेत. व्होर्टेक्सच्या क्रॉसफायर टूमध्ये २-७x३२ चा रिमफायर स्कोप पन्नास यार्डांना जुळवून येतो, लूपोल्डही खास रिमफायरसाठी स्कोप काढते. किंवा ज्याच्या पुढच्या भिंगाभोवती अथवा डाव्या बाजूला अंतर जुळवायची कडी आहे असा स्कोप घ्या. कडीवरचा आकडा मात्र अंदाजे मानावा. वर सांगितलेली डोकं हलवायची चाचणी करून क्रॉसहेअर जिथे स्थिर राहतात तिथे पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या.

आणि फुकटचा उपाय: गाल दस्त्यावर दर वेळी त्याच जागी टेकवा. १०/२२ कार्बाइनचा, म्हणजे तिच्या साध्या मॉडेलचा, दस्ता उघड्या साइटसाठी, म्हणजे नळीवरच्या लोखंडी नेमखुणांसाठी, आखलेला आहे, त्यामुळे स्कोप लावला की गाल हवेत राहतो आणि हनुवटीवर तोल जातो. गालाखाली फोमचा तुकडा बांधून वर पट्टी गुंडाळली तरी पुष्कळ फरक पडतो. दिसायला साधं आहे, कामाला पक्कं.

किती पट मोठं दिसणारा घ्यावा?

पन्नास यार्डांपर्यंत मजेसाठी आणि खारीच्या शिकारीसाठी २-७ किंवा ३-९ भरपूर. जास्त पटीत स्वतःच्या हृदयाचे ठोके क्रॉसहेअरवर दिसतात आणि नवा माणूस घाबरून चाप झटकतो. एनआरएल२२ या .२२ रायफलींच्या स्पर्धा खेळायच्या असतील तर गोष्ट वेगळी. तिथे एकाच फेरीत अंतरं बदलतात, शंभर यार्डांपर्यंत जातात आणि लक्ष्यं लहान असतात, म्हणून अंतर जुळवायची कडी आणि हाताने फिरवता येणारे टरेट, म्हणजे नेम सरकवायच्या स्कोपवरच्या गोल कळा, हव्यात.

माझं वय सत्तेचाळीस आहे. लोखंडी साइट धूसर दिसते. रेड डॉट चालेल का?

चाळिशीनंतर पुढची साइट, मागची साइट आणि लक्ष्य या तिघांवर डोळा एकदम स्थिरावत नाही. रेड डॉट म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट; तीत फक्त लक्ष्याकडे बघायचं असतं, म्हणून तो सुखाचा वाटतो. पण घेण्यापूर्वी दुकानातच डोळ्याला लावून बघा. ॲस्टिग्मॅटिझम असेल तर ठिपका गोल न दिसता स्वल्पविरामासारखा किंवा फुटलेल्या चांदणीसारखा दिसतो. प्रकाश कमी करा, आणि तरीही तसाच दिसला तर प्रिझम स्कोप बघा. त्यात खूण काचेवर कोरलेली असते आणि डोळ्याच्या नंबरानुसार मागची कडी फिरवता येते.

ठिपक्याचा आकारही बघा. एमओए हे कोनाचं माप, त्याचा हिशोब पुढे झिरोच्या प्रश्नात आहे. दोन एमओएचा ठिपका पन्नास यार्डांवर एक इंच झाकतो. डब्यांवर नेम धरायला उत्तम, कागदावर बारीक ग्रुप मोजायला अपुरा.

म्हणजे उघडी साइट शिकूच नये?

शिकावी. माझं तर म्हणणं आहे की पहिल्या पाचशे गोळ्या तिनेच चालवाव्यात. कारखान्याची साइट नको वाटली तर टेक-साइट्सची पीप साइट लावा; मागच्या बारीक भोकातून बघताना पुढची साइट आपोआप स्पष्ट होते. प्रोजेक्ट ॲपलसीड या नेमबाजी शिकवणाऱ्या उपक्रमाच्या दोन दिवसांच्या शिबिरांत १०/२२ ला पीप साइट आणि खांद्याचा पट्टा लावून आलेले लोक नेहमी दिसतात. तिथे पंचवीस मीटरांवर चाळीस गोळ्यांची परीक्षा असते, २५० पैकी २१० गुण मिळाले की रायफलमन म्हणतात. पट्टा दंडाला कसा गुंडाळायचा, श्वास कुठे थांबवायचा हे तिथे जमिनीवर आडवं पाडून शिकवतात.

स्कोप बसवताना काय चुकतं?

हे मी स्वतः भोगलं आहे. पहिला स्कोप मी दुकानातूनच बसवून घेतला. ग्रुप कधी डावीकडे, कधी खाली. मी तीन शनिवार आणि काडतुसांची मोठी डबी संपवली, काडतूस बदललं, दस्ता बदलायच्या बेताला आलो. शेवटी एका वयस्कर सभासदाने स्कोप मुठीत धरून हलकेच पिळला आणि मला बोट लावायला सांगितलं. रिसीव्हर आणि बेस यांच्यामधल्या फटीवर बोट ठेवलं तर आतली टकटक नखाला जाणवत होती. बेसचे चारही स्क्रू नुसते हाताने फिरवलेले होते.

तेव्हापासूनची माझी पद्धत: बेस काढा, भोकं आणि स्क्रू अल्कोहोलने पुसा, तेलाचा अंश राहू देऊ नका. स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या निळ्या थ्रेडलॉकरचा एक बारीक थेंब. रिसीव्हर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आहे, आटे बारीक आहेत. जोर लावून पिळले तर आटे जातात. १५ इंच-पाउंड पुरेत. रिंगच्या वरच्या टोप्यांना १५ ते १८, आणि स्क्रू कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात, थोडे थोडे, म्हणजे दोन्ही बाजूंची फट सारखी राहते. रायफलीबरोबर डब्यात येणाऱ्या बेसमध्ये बारीक डव्हटेल आणि वीव्हर पद्धतीची खाच दोन्ही असतात, तेव्हा रिंग कुठल्या जातीची घेतली ते तपासा. रिंग जितक्या बुटक्या तितकं बरं, फक्त पुढचं भिंग नळीला लागता कामा नये.

डोळ्याचं अंतर ठरवताना डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. काळी कडा दिसली तर स्कोप पुढे-मागे सरकवा. हे सर्वाधिक पटीवर करा, तिथे जागा सर्वांत अरुंद असते.

झिरो कसा करायचा?

झिरो करणं म्हणजे ठरावीक अंतरावर गोळी नेमाच्या जागीच लागेल असा स्कोप जुळवणं. बोल्ट-ॲक्शनमध्ये बोल्ट काढून नळीतून लक्ष्य बघता येतं. १०/२२ चा रिसीव्हर मागून बंद आहे, त्यामुळे ते जमत नाही. म्हणून दहा यार्डांपासून सुरुवात करा, मोठा कागद लावा, पहिली गोळी कुठे पडते ते बघा. मग पंचवीस, मग पन्नास.

क्लिकचा हिशोब पाठ असू द्या. एक एमओए म्हणजे शंभर यार्डांवर जवळपास एक इंच, पन्नासवर अर्धा, पंचवीसवर पाव. पाव एमओएच्या क्लिकने पन्नास यार्डांवर गोळी एक अष्टमांश इंच सरकते. म्हणजे पन्नासवर ग्रुप एक इंच खाली असेल तर आठ क्लिक वर. एका गोळीवरून क्लिक फिरवू नका, पाच गोळ्यांचा मध्य काढा. मी पेन्सिलने त्या मध्यावर छोटी फुली मारतो आणि फुलीपासून मोजतो.

पन्नास यार्डांचा झिरो बहुतेकांना सोयीचा. पंचवीसवर गोळी जवळजवळ त्याच जागी लागते, शंभरवर स्टँडर्ड व्हेलॉसिटी सहा-सात इंच खाली जाते. शंभरच्या पुढे नियमित जायचं असेल तर २० किंवा २५ एमओए उताराची रेल, म्हणजे पुढे उतरता बेस, घ्या, नाहीतर टरेट मध्येच संपतो.

वाऱ्याचं काय?

लोकांना वाटतं वेगवान गोळी वाऱ्याला कमी हलते. .२२ मध्ये उलट होतं. हाय व्हेलॉसिटी गोळी आवाजाच्या वेगाजवळ हवेचा रोध जास्त खाते आणि शंभर यार्डांवर स्टँडर्डपेक्षा जास्त वाहते. ताशी दहा मैलांचा आडवा वारा स्टँडर्ड गोळीला शंभर यार्डांवर चार इंचांच्या आसपास नेतो. आमच्या रेंजवर लक्ष्याच्या चौकटीला कुणीतरी प्लास्टिकच्या रंगीत पट्ट्या बांधल्या आहेत. त्या लटकलेल्या असतानाच चाप दाबा.

चाप जड आहे. घासून हलका करता येतो असं व्हिडिओत दाखवतात.

करू नका. मूळ चाप सहा पाउंडांच्या आसपास असतो, आणि पाच पाउंडांच्या रायफलीला सहा पाउंडांचा चाप म्हणजे दाबतानाच नेम हलणार, हे खरं आहे. पण चापाच्या आतल्या सीअर आणि हॅमर या भागांच्या कडा हाताने घासल्या की कधीतरी एका दाबात दोन गोळ्या सुटतात. ते शेजारच्या माणसासाठी धोक्याचं आहे, आणि तशी रायफल बाळगणं कायद्यातही फार महाग पडू शकतं. रुगरचाच बीएक्स चाप तीन पाउंडांच्या आत येतो आणि दोन पिनांनी बदलतो. टिम्नी आणि किड या कंपन्यांचेही संच आहेत. बसवल्यावर बंदूक रिकामी ठेवून सेफ्टी, चाप, सगळं तपासा, आणि रेंजवर पहिल्या दोन वेळा मॅगझिनमध्ये एकेकच गोळी भरा.

नळी न बदलता ग्रुप सुधारतो का?

पुष्कळ. कार्बाइनच्या पुढच्या टोकाला नळी आणि दस्ता एकत्र बांधणारी कडी असते. ती काढून एक ग्रुप घ्या, लावून एक घ्या. लाकडी दस्ता पावसाळी हवेत फुगतो आणि कडीतून नळीला ढकलतो, त्यामुळे एकाच रायफलीचा झिरो मेमध्ये एक आणि ऑक्टोबरमध्ये दुसरा निघतो.

मग दस्त्याचा मुख्य स्क्रू. तो एकच आहे, आणि तो कमी-जास्त आवळला की ग्रुप बदलतो. १५ इंच-पाउंडांपासून २० पर्यंत एकेकाने वाढवत पाच-पाच गोळ्या चालवा, कुठे भोकं एकत्र येतात ते लिहा. एक सकाळ जाते, खर्च फक्त काडतुसांचा. साध्या कार्बाइनने पन्नास यार्डांवर एक ते दीड इंच दिला तर ती चांगली रायफल आहे. अर्धा इंच रोज हवा असेल तेव्हा जाड नळीकडे वळा.

बोल्टमागची लोखंडी पिन काढून प्लास्टिकची बफर पिन घालतात. आवाज मऊ होतो. अचूकता वाढलेली मी पाहिली नाही.

गोळी अडकते. रायफल खराब आहे का?

बहुधा नाही. आधी काडतूस बदला, मग मॅगझिन बदला, मग चेंबर बघा. टॉर्च लावून पाहिलं तर चेंबरच्या तोंडाशी काळी कडी दिसते. मेण, शिसं आणि जळलेल्या पावडरीची, नखाने खरवडली तर मेणचट लागते. ती साठली की काडतूस पूर्ण आत बसत नाही. रिकामं काडतूस ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखालीही हाच मळ बसतो, दात घासायच्या जुन्या ब्रशने तो निघतो.

चाप दाबूनही गोळी सुटली नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबा, मगच बोल्ट ओढा. आणि आवाज "फुस्स" असा आला, कागदावर भोक नाही, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, नळी तपासून घ्या. पुढची गोळी चालवली तर नळी फुटू शकते.

नळी किती वेळा साफ करावी?

माणसं रिमफायरची नळी वापराने कमी आणि साफसफाईने जास्त बिघडवतात. मागून सळई घालता येत नाही, म्हणून लोक पुढून घालतात आणि नळीच्या तोंडाची धार घासतात. तीच धार गोळीला शेवटचा स्पर्श करते. ओढून काढायची दोरी वापरा, चेंबरकडून पुढे. मी नळी ग्रुप पसरू लागल्यावरच पुसतो. चेंबर आणि बोल्ट मात्र दर खेपेला. स्कोपची काच शर्टाच्या टोकाने कधीच नाही. आधी फुंकणीने धूळ, मग मऊ कापड.

टेकडाउन मॉडेलवर स्कोप लावला तर झिरो राहतो का?

स्कोप रिसीव्हरवर आणि नळी वेगळी होते, तेव्हा दर वेळी थोडा फरक गृहीत धरा. जोडणीची कडी घट्ट जुळवली असेल तर तो डब्यांवर नेम धरताना कळणारही नाही. स्पर्धेसाठी मात्र अखंड रायफलच घ्या.

पुण्यात भाच्याकडे एअर रायफल आहे. इथून स्कोप घेऊन जाऊ का?

बॅगेत टाकून नेऊ नका. बंदुकीवर लावायची दुर्बीण अमेरिकेच्या निर्यात नियंत्रणाच्या यादीत आहे. स्वस्त असो, भेट असो, नियम लागतो. आधी चौकशी, परवाना लागत असेल तर परवाना, मगच पुढचं. आणि इथला .२२ चा स्कोप स्प्रिंगच्या एअर रायफलीवर टिकेलच असं नाही. स्प्रिंग पिस्टन आधी मागे आणि मग पुढे झटका देतो; .२२ च्या हलक्या, एकाच दिशेच्या धक्क्यासाठी बांधलेल्या स्कोपची आतली भिंगं त्याने सुटतात. त्याने तिथेच एअर रायफलसाठी म्हणून बनवलेला, दहा यार्डांपर्यंत जुळणारा स्कोप घ्यावा.

स्वप्नील कुसाळेची रायफल हीच का? मुलगा विचारतो.

काडतूस तेच, रायफल वेगळी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नीलने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवलं. कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची, म्हणजे पालथं झोपून खेळायच्या प्रकाराची, जगज्जेती झाली. त्या खेळात एकेक गोळी हाताने भरायची बोल्ट-ॲक्शन रायफल असते आणि स्कोप लावायला बंदी आहे, फक्त पीप साइट. मधलं दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं. मुलाला पन्नास मीटरवर शर्टाच्या बटणाएवढा ठिपका लावून स्कोपशिवाय बघायला सांगा, त्यांनी काय केलं ते त्याला लगेच दिसेल.

मग मुलाला रेंजवर कधी न्यावं?

वय मी सांगत नाही. सांगितलेलं पहिल्याच वेळी ऐकतो का, एवढं बघा. दस्ता त्याच्या हाताला लांब पडत असेल तर मान मागे जाते आणि स्कोपमध्ये काळं दिसतं, त्यासाठी कॉम्पॅक्ट मॉडेलचा आखूड दस्ता बरा. पहिल्या दिवशी दहा गोळ्या पुरे, मॅगझिनमध्ये एका वेळी एकच, आणि लक्ष्य पंचवीस यार्डांवर, मोठं. घरात रायफल कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, आणि चावीची जागा मुलाला माहीत नसावी, पाहुण्यांनाही नाही.

परत आल्यावर हात आणि तोंड थंड पाण्याने, साबण लावून धुवायला लावा, मगच गाडीतला डबा उघडू द्या. शिसं बोटांना लागलेलं असतं, डोळ्यांना दिसत नाही. रेंजवरचे बूट दाराबाहेर आणि शर्ट वेगळा धुवायला.